बशीतला दर्या

आमच्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात आरमारी लढाईचं एक चित्र आहे. जवळजवळ अख्ख्या भिंतीएवढं. पाहुणे आले की आधी त्यांना जिन्याने वर न्यायचं, ते चित्र दाखवायचं आणि मग खाली आणून चहा पाजायचा, ही आमची जुनी पद्धत. बहुतेक जण तोफा बघतात, धूर बघतात, ‘वा’ म्हणतात. परवा आलेल्या एका प्राध्यापक बाईंनी मात्र तोफांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या गलबताच्या वर एक पांढरं पाखरू आहे, टीचभर. त्याच्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “इतकं सुरेख पाखरू! पण एवढा तोफांचा दणका चाललाय, त्यात हे इथं काय करतंय?”

मी ग्रंथपाल. लोकांच्या प्रश्नांची उत्तरं देण्यात माझा जन्म गेला. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तर मला पुस्तक न उघडता ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, “चित्रकाराची कल्पना असेल.” बाई खाली चहाला गेल्या. मी वरच थांबलो आणि पंखा बंद केला. अब्बासभाई असते तर त्यांनी आधी तेच केलं असतं.

अब्बासभाई म्हणजे अब्बास पेंटर. भिवंडीत ज्याच्याकडे ट्रक होता त्याला हे नाव माहीत होतं. कल्याण नाक्याच्या पुढे एका गॅरेजच्या आवारात त्यांचं काम चाले. उंच, काटकुळे, साठीला टेकलेले, डोक्यावर एके काळी पांढरी असलेली टोपी. तिच्यावर इतके रंग उडालेले की आज कुठला ट्रक रंगवला ते टोपीवरून ओळखावं. डोळे सदा बारीक केलेले. समोरचा चहाचा कपसुद्धा मैलभर लांब असल्यासारखा न्याहाळायचे.

दुसरे पेंटर ट्रकच्या मागे कमळं काढत, गरुड काढत. अब्बासभाई जहाज काढत. गिऱ्हाइकाने वाघच हवा म्हणून हट्ट धरला तर वाघ मिळे, पण त्याच्या पंजांच्या मागे, लांब कुठेतरी, बोटाएवढं एक गलबत चाललेलं असे. त्यांच्या वडिलांचा खाडीत मचवा होता. गवत आणि मीठ भरून वसईपर्यंत जायचा. लहानपणी हे त्याच्यावरच वाढले. पुढे मचवा गेला, घराघरात कापडाचे लूम आले, भाऊ लूमवर बसले आणि यांनी ब्रश धरला. म्हणायचे, “मी पन लूम टाकला असता. पन त्या शेडात वारा कुठला रे?”

वारा हा त्यांचा ध्यास होता. चित्र काढायचं तर आधी बोट जिभेला लावून ओलं करायचे, वर धरायचे आणि मग खडूने फळीच्या खालच्या कोपऱ्यात एक बाण काढायचे. “पैला वारा काढायचा, मंग जहाज. जहाज काय, कुनी पन काढतो.” त्या बाणाप्रमाणे शिडं फुगायची, निशाणं उडायची, धूर जायचा, लाटांचे तुरे मोडायचे. काम संपलं की बाण रंगाखाली जाई.

एकदा जौनपूरकडचा एक ड्रायव्हर त्यांच्याशी हुज्जत घालत होता. ट्रकच्या दोन्ही बाजूंना त्याने जहाज काढून घेतलं होतं आणि दोन्हीकडे झेंडा मागच्या चाकांच्या दिशेला उडत होता.

“चाचा, झंडा उल्टा कर दिया आपने. जहाज आगे जा रहा है, और झंडा पीछे?”

“जौनपूर तक गाडी रिव्हर्स में लेके जाता है क्या?”

“नहीं तो.”

“तो हवा किधर से लगेगी? मुंडी बाहर निकाल के देख, तेरा गमछा किधर जाता है.”

ड्रायव्हर गमछा सावरत गाडीत चढला. पुढच्या खेपेला तो त्याच्या तीन दोस्तांचे ट्रक घेऊन आला.

माझी त्यांची ओळख पुस्तकामुळे झाली. दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट. ते वाचनालयात येत ते वाचायला नाही. इतिहासाच्या जाड ग्रंथातली रंगीत पानं तेवढी बघत. अशाच एका पानावर कुणा विलायती चित्रकाराची आरमारी लढाई होती. जळती जहाजं, तुटलेल्या डोलकाठ्या, पाण्यात पडलेली माणसं, आकाश नुसतं पेटलेलं. मला ते चित्र फार भारी वाटे. अब्बासभाईंनी अर्धा तास पाहिलं आणि पुस्तक माझ्या टेबलावर आणून आदळलं.

“भाऊ, ह्यो मानूस घरात बसून काढतो.”

“कशावरून?”

“ही बघ शिडं. ह्या बाजूला फुगलीत. आनि तोफेचा धूर? त्या बाजूला. एका दर्यात दोन वारे?” त्यांनी जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं. “ज्या दर्यात दोन वारे, तिथं कुनी वाचत न्हाय. ना ह्यांचे, ना त्यांचे.”

मी ते पुस्तक सात वर्षं लोकांना कौतुकाने दाखवत आलो होतो. मला जरा रागच आला. पण त्या दिवसापासून मला ते चित्र पाहवेना, आणि अब्बासभाई आले नाहीत तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

चहा ते बशीत घेत. त्यात विशेष काही नाही, आमच्याकडे अर्धं गाव घेतं. पण ते बशी तोंडाजवळ नेऊन एका बाजूने हलकेच फुंकर घालत आणि चहावर उठणाऱ्या वळ्या बघत बसत. जोरात फुंकलं की वळ्या कशा मोडतात, काठाला लागून कशा परततात. “हे बघ, ह्यो उत्तनचा दर्या. आनि ही आपली खाडी.” मी वाकून बघायचो. मला चहा दिसायचा. हळूहळू पाणीही दिसू लागलं, हे खरं. तेवढ्यात त्यांचा चहा गार होई आणि तो ते एका घोटात संपवत. गरम चहा पिताना मी त्यांना एकदाच पाहिलं. ते पुढे येईल.

वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं व्हायची होती. आमचे अध्यक्ष अण्णा, वळ गावात त्यांची गोदामं, मनाने मोकळा माणूस, त्यांनी ठरवलं की सभागृहात मराठ्यांच्या आरमाराचं चित्र हवं. आपल्या खाडीत एके काळी गलबतं बांधली गेली, हे पोरांना कळायला नको? मी अब्बासभाईंचं नाव सुचवलं. “ट्रकवाला?” असं कुणीतरी म्हणालं, पण अण्णांनी मान डोलावली.

दोन महिने काम चाललं. प्लायवूडच्या फळ्या भिंतीला ठोकल्या. लोडशेडिंगचं वेळापत्रक त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. वीज गेली की आजूबाजूचे लूम थांबत, गावात एकदम कान बधिर झाल्यासारखी शांतता पसरे आणि ते खूश होऊन ब्रश उचलत. वीज असली तरी पंखा लावू देत नसत. “खोटा वारा,” म्हणत. आम्ही दोघंही घामाने निथळत असू. मी लढाईचं वर्णन वाचून दाखवायचो, ते डोळे मिटून ऐकायचे.

“आपल्यांनी हल्ला कुठून केला?”

“मागच्या बाजूने, असं लिहिलंय.”

“वारा?”

“वारा लिहिलेला नाही.”

“मंग काय लिवलंय डोंबल!”

तीन दिवस ते नुसते फळ्यांसमोर बसून होते. चौथ्या दिवशी डाव्या खालच्या कोपऱ्यात खडूचा बाण उमटला. वारा डावीकडून उजवीकडे. त्यांनी मांडणी केली ती अशी. डाव्या हाताला टोपकरांचं, म्हणजे गोऱ्यांचं, तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज. त्याचं नाक वाऱ्यात अडकलेलं, शिडं उलटी फुगलेली, त्यामुळे जागचं हलू न शकणारं. त्याच्या तोफा दोन्ही कुशींना, पाठ उघडी. आणि उजवीकडून त्या पाठीवर आपली गलबतं चाल करून येतात. शिडं उतरवलेली, माणसं वल्ह्यांवर ओणवी झालेली, थेट वाऱ्याच्या तोंडात. जहाजाचा सगळा धूर त्यांच्या अंगावर येतोय. पहिल्या गलबतावर मागे तांडेल उभा, एका हातात सुकाणू, मान वर. तो डोक्यावर फडफडणाऱ्या भगव्या निशाणाच्या टोकाकडे बघतोय. वारा फिरला तर सगळं संपलं, म्हणून त्या एवढ्या गोंधळात तो फक्त निशाण बघतो. त्या मानेवर अब्बासभाईंनी चार दिवस घालवले.

सगळ्यांत आधी शंका काढली ती मीच. “अब्बासभाई, आपली गलबतं डावीकडे चाललीत आणि निशाण उजवीकडे, मागे उडतंय. पळाल्यासारखं नाही वाटत?”

ते ब्रश धुऊ लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बंदरावर बोलावलं, कुणाची तरी होडी मागून घेतली, माझा रुमाल एका काठीला बांधून काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः वल्हं मारू लागले. साठीचा माणूस, समोरून चांगला वारा. दम लागला तरी थांबेनात. माझ्या तोंडावर खारं पाणी उडत होतं.

“आपन पळतोय काय, भाऊ?”

“नाही.”

“रुमाल कुठं?”

“मागे.”

मग त्यांनी होडी फिरवली आणि वल्ही वर घेतली. होडी आपोआप परत निघाली. रुमाल माझ्या पुढे, बंदराच्या दिशेने ताणला गेला. ते धापा टाकत हसले. “आता पळतोय. पळनाऱ्याचं निशान पुढं असतं रं. पाठीवर वारा घेऊन पळतो ना तो. लढनाऱ्याचं मागं.”

हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. माझ्याच रुमालावर. म्हणून पुढचं सांगताना मला पळवाट नाही.

समारंभाला आठ दिवस उरले होते. कार्यकारिणी चित्र बघायला वर आली, तिथेच टेबल मांडून बैठक भरली. आधी ते चित्र सगळ्यांच्या अंगावर आलं. मग एक सभासद म्हणाले, “आपलं निशाण उलटं आहे.” दुसरे म्हणाले, “त्यांचा झेंडा आपल्या अंगावर येतोय, आणि आपला मागे पळतोय.” एकदा असं म्हटल्यावर सगळ्यांना तेवढंच दिसायला लागलं. मग कुणीतरी आवाज खाली आणला. “पेंटर कोण आहे, हे लक्षात घ्या जरा.”

अब्बासभाई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. बैठक चालू असताना आत येण्याची त्यांना मुभा नव्हती. दार मात्र उघडं होतं.

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना ते बोलणं आवडलं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. ते माझ्याकडे वळले. “म्हात्रे, तुम्ही दोन महिने रोज त्यांच्याबरोबर होतात. हे असं का काढलंय? काही कारण आहे, की मुद्दाम?”

मला फक्त उठायचं होतं. चार पावलं चालून चौकटीची खालची पट्टी जरा बाजूला केली असती तर खडूचा बाण दिसला असता. तो अजून रंगवायचा राहिला होता. रुमालाची गोष्ट सांगितली असती तर अण्णा हसले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण नऊ वर्षं मी हंगामी ग्रंथपाल होतो, कायम करण्याचा माझा अर्ज त्याच टेबलावर, त्याच फायलीत होता, आणि आवाज खाली आणणारे गृहस्थ त्या अर्जावर सही करणाऱ्यांपैकी होते.

मी म्हणालो, “मला चित्रातलं काय कळतं, अण्णा.”

बाहेर बशी कपावर टेकल्याचा आवाज आला. एवढाच.

बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे असायचं. ‘चित्रकाराच्या नजरचुकीमुळे निशाण उलट दिशेस काढले गेले असून ते दुरुस्त करून घ्यावे असे ठरले.’ नजरचूक! त्या माणसाची! ते वाक्य आजही त्या वहीत आहे आणि खाली माझी सही आहे.

मी बाहेर जाऊन ठराव सांगितला. माझी मान खाली होती. त्यांनी ऐकून घेतलं.

“निशान फिरवायचं तर वारा फिरवायला लागंल. धूर, शिडं, लाटा, समदं. दोन महिने दे.”

“आठ दिवस आहेत, अब्बासभाई.”

“मंग मी न्हाय फिरवत. तुमची भिंत हाय, कुनाकडून पन फिरवून घ्या.”

मला त्यांनी काहीच विचारलं नाही. ‘तू का न्हाय बोललास’ एवढं जरी विचारलं असतं तरी माझी सुटका झाली असती.

एस.टी. स्टँडाजवळच्या बॅनरवाल्याला मी बोलावलं. त्याने एका दुपारात मागचं निशाण पुसून आकाश केलं आणि पुढे नवं निशाण काढलं, भडक केशरी, शत्रूच्या अंगावर झेपावणारं. शिडी डुगडुगत होती. ती मी धरली होती. समारंभ थाटात झाला. भाषणात वक्त्यांनी निशाणाकडेच हात करून टाळ्या मिळवल्या. मार्चमध्ये मला कायम केल्याचं पत्र आलं. घरी पेढे वाटले. कोन गावी आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “देवाला नारळ फोडलास काय?” मी हो म्हणालो. मी फोडला नव्हता.

चित्राकडे मी बघायचं टाळू लागलो. बघितलं की तांडेल दिसे. त्याची मान तशीच वर, डोळे तसेच ताणलेले, आणि समोर काहीच नाही. रिकाम्या आभाळाकडे बघत तो माणूस सगळ्यांना घेऊन चालला होता. आणि निशाण पुढे, म्हणजे अब्बासभाईंच्या हिशेबाने ती सगळी माणसं पळत होती. आम्हीच त्यांना पळायला लावलं होतं.

एप्रिलमधली दुपार. वाचनालय बारा ते चार बंद असतं. मी टेबलावर डबा उघडला होता. दारात अब्बासभाई उभे. हातात एक छोटा डबा आणि एकच बारीक ब्रश. त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच आले होते.

“वर जायचं हाय. धा मिन्टं.”

मी जेवण तसंच टाकून त्यांच्या मागे जिना चढलो. वर गेल्यावर त्यांनी आधी पंखा बंद केला. चित्र बराच वेळ पाहिलं.

“घरी बसलो तरी तांडेल डोळ्याम्होरं येतो रे. रोज माझी मान दुखते. त्याला कायतरी बघायला पायजे.”

“अब्बासभाई,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी...”

“शिडी धर.”

मी शिडी धरली. तीच शिडी. वर चढून त्यांनी बोट ओलं केलं, हवेत धरलं, बंद सभागृहात! आणि निशाण जिथून पुसलं होतं तिथे, तांडेलाच्या नजरेच्या अगदी टोकाला, एक पांढरं पाखरू काढलं. पंख पसरलेलं, एका जागी तरंगणारं, चोच डावीकडे. दहा मिनिटंही लागली नसतील. पाखरू आलं आणि तांडेलाच्या डोळ्यांत पुन्हा जीव आला. मी शिडीच्या पायाकडे बघत राहिलो.

“दर्यावरचं पाखरू वाऱ्याकडं तोंड करून ऱ्हातं,” वरून आवाज आला. “त्याला फिरवायला कुनाचा ठराव लागत न्हाय. तांडेलाला समजंल वारा कुठला त्यो. बाकी कुनाला न्हाय समजला तरी चालंल.”

ते खाली उतरले. ब्रश पुसला. मग माझ्याकडे बघत उभे राहिले. नेहमीचे बारीक केलेले डोळे नव्हते ते, पूर्ण उघडे होते. ते थांबले होते. आता मला वाटतं, त्या दुपारी ते पाखरासाठी तेवढे आले नव्हते. घर रिकामं करून मुलीकडे श्रीवर्धनला कायमचे निघाले होते, हे मला आठवड्याने कळलं, आणि ते वारल्याचं दोन वर्षांनी. त्यांनी मला बोलायला जागा करून दिली होती. सभागृहात आम्ही दोघंच. अर्ज नाही, अध्यक्ष नाहीत, भीती कसलीच नाही. कायम केल्याचं पत्र तर माझ्या खिशात पडलं होतं.

मी म्हणालो, “चहा मागवू?”

ते किंचित हसले. “मागव.”

खाली टेबलाशी बसून आम्ही चहा घेतला. बाजूचे लूम धडधडत होते. त्यांनी कप बशीत ओतला, बशी उचलून तोंडाजवळ नेली. मी सवयीने पुढे वाकलो. आता फुंकर येईल, वळ्या उठतील, ते म्हणतील, ‘हे बघ, भाऊ.’

त्यांनी फुंकर घातली नाही. वाफा निघणारा तो चहा तसाच घशाखाली उतरवला, रिकामी बशी माझ्यासमोर उपडी ठेवली आणि निघून गेले.